लाल काटा

मारोतराव कुणाची जुनी गाडी पाहायला निघाले की त्यांची पहिली अट असायची, आधी गाडी, मग पाणी. गाडी पाहून होईपर्यंत विकणाऱ्याच्या घरचा पाण्याचा घोटसुद्धा ते घेत नसत. आदिलाबादचा वैशाख, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि हा माणूस समोर आलेला तांब्या हात जोडून परत करतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा चिडून मी विचारलं, "अहो, तुम्ही पाणी प्यालात म्हणून त्याच्या इंजिनात पाणी शिरणार आहे का?" तर म्हणाले, "गुरुजी, खाल्ल्या घरचे वासे मोजू नये म्हनतात ना? मंग वासे आधी मोजून घ्याव, खाव मागून."

आमच्या घरांची मधली भिंत एकच. मी मराठी शाळेत मास्तर, ते आरटीसीच्या बसडेपोत मिस्त्री. मूळचे वांकिडीकडचे. घरची कापूस-ज्वारीची शेती थोरल्या भावाकडे होती आणि हे तरुणपणीच नोकरीच्या मागे इकडे आले. माणूस मोठा गोड होता असं मी म्हणणार नाही. बोलायला तुसडा, हट्टी, आणि जरा स्तुतीला भुकेला. कुणी "मारोतराव, तुमच्याशिवाय गाडी घेत नाही" म्हणालं की मिशीतल्या मिशीत हसायचे आणि डेपोतली रजा टाकून मोकळे व्हायचे. बाजारहत्नूरकडची, नेरडीगोंड्याकडची माणसं सकाळच्या गाडीनं येऊन त्यांच्या ओट्यावर बसलेली असायची. कुणाला जुनी जीप घ्यायची, कुणाला ट्रॅक्टर. मुलगी पाहायला जाताना जाणता माणूस सोबत नेतात, तसे हे मारोतरावांना न्यायचे. त्यांचंही कधी चुकायचं. एका जीपचा गिअरबॉक्स त्यांनी पास केला आणि महिन्यात तो बसला, तेव्हा त्या माणसानं आमच्या गल्लीत उभं राहून जो उद्धार केला तो मी भिंतीआडून मजेत ऐकला होता.

पण एका बाबतीत त्यांचं सहसा चुकत नसे. "गाडी किती चालली ते इचारू नका," असं ते म्हणायचे, "मीटर त कोणीबी मागं फिरवते. कशी चालली ते इचारा." आमच्याकडे ड्रायव्हर लोक अ‍ॅक्सिलरेटरला रेस म्हणतात. जास्त रेस खाल्लेल्या गाडीची त्यांना धास्ती होती. उतारावर कुणी घाईत भलताच खालचा गिअर टाकला की चाकंच इंजिनाला पळवतात, झेपणार नाही इतकं पळवतात. आतले बोल्ट ताणले जातात. गाडी त्या दिवशी थांबत नाही, दुसऱ्या दिवशीही थांबत नाही. महिन्यांनी कधीतरी, दुसऱ्याच्या हातात असताना, आतला दांडा तुटतो. मारोतरावांचं म्हणणं असायचं की असा संशय आला की विकत घेण्याआधी इंजिन खोलायचं. खोलू देत नसेल तर उठून यायचं. यात मोठी विद्या नव्हती. डेपोतल्या कुणाही मिस्त्रीनं हेच सांगितलं असतं. सांगितलं पाहिजे एवढंच.

त्यांची बहीण कौसल्याबाई वांकिडीतच दिलेली. कौसल्याबाई म्हणजे एक शब्द बोलून दोन गिळणारी बाई. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हा तिच्या चिंतामणीला मारोतरावांनी शाळेसाठी इकडे आणलं. चिंतू माझ्याच वर्गात होता. गणितात बरा, शुद्धलेखनात दगड. दप्तरात वह्यांपेक्षा मोटारींची कातरलेली चित्रं जास्त. मारोतरावांची एकुलती एक सुभद्रा आणि तो एका ताटात जेवून वाढले, अगदी सख्ख्या भावंडांसारखे, म्हणून मामाच्या मुलीचा विषय त्या घरात कुणी काढला नाही. पुढे चिंतूला नेरडीगोंड्याला बँकेत कारकुनी लागली. पहिल्या पगारात त्यानं मामाला घड्याळ आणलं आणि मला फाउंटन पेन. ते पेन गळायचं, पण मी ते बरीच वर्षं खिशाला लावून मिरवलं.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात सुभद्राला स्थळ आलं. यशवंतराव वकिलांचं घर. निजामाच्या काळापासून इथं स्थायिक, दोन मजली घर, कोर्टात वजन. मुलगा नागनाथ हैदराबादला शिकायला गेला होता आणि शिकण्याऐवजी मोटारींच्या शर्यतींच्या नादाला लागून परत आला होता. त्याची आधी ठरलेली सोयरीक याच नादापायी मोडली होती. एरवी वकील मिस्त्रीच्या दारात कशाला येतील? पण मुलगी शिकलेली, दिसायला नेटकी, आणि मुलाला ताळ्यावर आणील असा त्यांचा हिशेब. वकील स्वतः येऊन म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको, मुलगी द्या." मारोतराव त्या रात्री जेवलेच नाहीत, इतका त्यांना आनंद झाला होता. मला मात्र राग आला. फुकट मिळतं तिथं माणूस वाकून उभा राहतो, आणि मारोतराव वाकू नयेत असं मला वाटायचं.

नागनाथची एक गाडी होती. दोन दारांची, बसकी, भडक लाल. मागची सीट काढून टाकलेली, धुराची नळी मनगटाएवढी जाड. तो तिला स्पोर्ट्स कार म्हणायचा, गाव तिला मुंगळा म्हणायचं. दसऱ्याच्या दिवशी तो ती घेऊन मुख्य रस्त्यानं जायचा तेव्हा म्हाताऱ्या बायका देवाचं नाव घ्यायच्या आणि पोरं मागं धावायची. त्या पोरांत एके काळी चिंतू होता. आता लग्न ठरल्यावर वकिलांनी पोराला बजावलं की हे धूड दारातून गेलं पाहिजे. ही बातमी चिंतूच्या कानावर गेली आणि त्याचं खाणंपिणं सुटलं. पंचविशीतला पोरगा, मागं बाप नाही, आजवर कशाचा हट्ट धरलेला नाही. मामाला म्हणाला, "मामा, तुमी एक डाव पाहून द्या. तुमी हो म्हनलं तं घेतो, नाही म्हनलं तं नाव काहाडत नाही."

पुढचा प्रसंग मला दोघांनीही सांगितलाय. चिंतूनं हसत हसत, पुष्कळदा. मारोतरावांनी एकदाच.

रविवारी सकाळी दोघं वकिलांकडे निघाले. निघताना रेणुकाबाईंनी, म्हणजे मारोतरावांच्या बायकोनं, दारात अडवून सांगितलं, "आज पानी नाही म्हनू नका बरं. सोयऱ्याचं घर हाय." आणि खरंच, तिथं नाही म्हणणार कसं? वरमाई स्वतः ताट घेऊन बाहेर आल्या. चिवडा, लाडू, वर आल्याचा चहा. मुलीच्या बापाला होणाऱ्या विहिणीनं हातानं वाढलं आणि तो "आधी गाडी पाहतो" म्हणाला, तर उद्या गावभर काय झालं असतं? आमच्याकडे मुलीकडच्यानं मान खाली घालून बसायचं. वरपक्षाच्या माणसाला नाव ठेवायचं नाही, त्यांच्या बैलाला ठेवायचं नाही, त्यांच्या घरच्या चटणीलासुद्धा ठेवायचं नाही. मारोतरावांनी लाडू खाल्ला. चहा प्याले. मग सगळे मागच्या शेडकडे गेले.

चिंतू जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसला. स्टिअरिंगच्या मागं एक मोठं गोल घड्याळ बसवलेलं होतं, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारं. नागनाथनं ते हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं. त्याला दोन काटे होते. पांढरा काटा इंजिनाबरोबर वरखाली होई. लाल काट्याला पांढरा काटा वर ढकलत नेई आणि तिथंच सोडून खाली येई. म्हणजे गाडीला कुणी कधी किती ताणलं, ते लाल काटा धरून ठेवी. शर्यतीच्या गाड्यांना तो मुद्दाम बसवतात, मालकाच्या पाठीमागं ड्रायव्हरनं काय केलं ते मालकाला कळावं म्हणून. मारोतरावांनी असा काटा पूर्वी एका साहेबाच्या गाडीत पाहिला होता आणि त्याला चहाडखोर असं नावही ठेवलं होतं.

नागनाथनं गाडी चालू करायला लावली. पांढरा काटा थरथरत खालीच उभा राहिला. लाल काटा धोक्याच्या खुणेच्या पार पुढं, घड्याळाच्या शेवटच्या आकड्याला जाऊन टेकलेला. आणि इंजिनाच्या तळातून एक बारीक टकटक येत होती, लक्ष दिलं तरच ऐकू येईल अशी. मारोतरावांचं लक्ष होतं.

चिंतूनं वर पाहून विचारलं, "मामा, हा लाल काटा काऊन असा वर जाऊन बसला?"

नागनाथला अर्थातच ठाऊक होतं. घाटात एकदा त्याचा हात चुकला होता, चौथ्यातून तिसऱ्यात टाकायचा तो पहिल्यात टाकला होता. यशवंतराव शेडच्या दाराशी उभे होते. ते म्हणाले, "काय मारोतराव? घरचीच गाडी, घरातच राहील. पसंत आहे ना?" स्वयंपाकघराच्या खिडकीत बायका उभ्या होत्या.

मारोतराव म्हणाले, "काटा बिघडला असन तो."

एवढंच. चार शब्द. नागनाथनं चटकन हात घड्याळाच्या मागं घातला, तिथली बारीक किल्ली फिरवली आणि लाल काटा सरसर उतरून शून्यावर जाऊन बसला. बिघडलेला काटा असा शहाण्यासारखा घरी जात नाही. नागनाथला कळलं की मारोतरावांना कळलंय, आणि मारोतरावांना कळलं की नागनाथला ते कळलंय. चिंतू तेवढा खुशीत हसला. "घ्या, झाला दुरुस्त!"

वाटेत त्यानं विचारलं, "घेऊ ना मामा?" आणि मारोतराव म्हणाले, "घे. पन जास्त रेस देऊ नोको. लगन उरकलं का मी खोलून पाहतो एकदा."

मारोतराव लबाड होते असं कुणी म्हणालं तर मी आजही भांडेन. त्यांचा विचार असा होता की लग्न होऊ दे, मग गुपचूप इंजिन उतरवू, बोल्ट बदलू, कुणाला कळायचं नाही. वैशाखात लग्न झालं. पण इंजिन खोललं आणि आत जे दिसेल असं वाटतंय तेच दिसलं, तर चिंतूला काय सांगायचं? व्याह्यांनी ताणलेली गाडी गळ्यात मारली आणि मामानं मारू दिली, असं? मग आज डेपोत काम आहे, उद्या अंगात कणकण आहे, परवा पाऊस आहे. आषाढ गेला. मला तेव्हा हे ठाऊक असतं तर मी त्यांना कॉलर धरून शेडमध्ये नेलं असतं. पण ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी कुणाला सांगितलंही नाही.

श्रावणात एका रविवारी चिंतू नेरडीगोंड्याहून निर्मळला निघाला होता. घाट उतरताना तो हळूच होता. मामानं सांगितलेलं, म्हणून खालच्या गिअरवर, अलगद. मागून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरनं पुढं सांगितलं की पोरगा इतका सावकाश चालला होता की मी हॉर्न देऊन कंटाळलो. मधल्या वळणावर इंजिनातला दांडा तुटला आणि बाजूचं लोखंड फोडून बाहेर आला. सगळं तेल रस्त्यावर. मागची चाकं त्या तेलावरून घसरली, गाडी आडवी झाली आणि कठड्यावर आदळली. त्याच ट्रकवाल्यानं त्याला निर्मळला पोचवलं. तिथून नागपूर. डावा पाय मांडीतून काढावा लागला.

गावानं लगेच निकाल दिला. लाल गाडी, तरुण रक्त, आणखी काय होणार? हॉटेलात, कोर्टाच्या आवारात, माझ्या शाळेतसुद्धा लोक हेच बोलत होते. त्या ट्रकवाल्याचं बोलणं मी चार ठिकाणी सांगून पाहिलं. पण तो परगावचा माणूस, त्याचं कोण ऐकतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे चिंतूलाही तेच खरं वाटू लागलं. पडल्या पडल्या तो मामाला म्हणाला, "तुमी सांगतलं व्हतं मामा, जास्त रेस देऊ नोको म्हनून. माह्याच हातून कायतरी चुकलं असन."

मारोतराव एकटेच ठाण्यात जाऊन मोडकी गाडी पाहून आले. इंजिनाला पडलेलं भोक मूठ जाईल एवढं होतं. घरी येऊन ओट्यावर बसले ते दिवेलागण होऊन गेली तरी उठले नाहीत. मला वाटलं भाच्याचं दुःख आहे. मी शेजारी जाऊन बसलो, धीराचे चार शब्द बोललो, नशिबाचे भोग वगैरे. आता ते आठवलं की माझं मलाच ओशाळं वाटतं.

त्यानंतर ते कुणाची गाडी पाहायला गेले नाहीत. माणसं सकाळच्या गाडीनं यायची, ओट्यावर बसायची. हे आतूनच सांगायचे, "डोये गेले माहे. दुसऱ्या कोनाले घेऊन जा." डोळे ठणठणीत होते. मी पुष्कळ बोललो, "अहो, एका पोराच्या चुकीपायी तुम्ही का संन्यास घेता?" चुकीपायी हा शब्द माझ्या तोंडून किती वेळा गेला असेल. ते ऐकून घ्यायचे आणि सुपारी कातरत राहायचे.

चिंतूला जयपूर फूट बसवला. बँकेनं बदली आदिलाबादला दिली आणि तो मामाकडेच राहायला आला. किनवटकडची एक सोयरीक जवळपास ठरली होती, ती मुलीकडच्यांनी निरोप पाठवून मोडली. पुन्हा कुठं जमलं नाही, आणि पुढे त्यानं विषयच बंद केला. माणूस मात्र कडू झाला नाही. उलट थट्टेखोर झाला. चप्पल घेताना दुकानदाराला म्हणायचा, "एकच घासनार हाय, अर्धेच पैसे घ्या." लोक हसायचे. मीही हसायचो, आणि घरी आल्यावर मला जेवण जायचं नाही. कधी संध्याकाळी ओट्यावर तो अपघाताची उजळणी करत बसायचा. कुठला गिअर होता, पाय कुठं होता, ब्रेक आधी दाबला का नंतर. दर खेपेला काहीतरी नवी चूक स्वतःच्या पदरात घालून घ्यायचा. मारोतराव शेजारी बसून ऐकायचे. आठ-नऊ वर्षं हे चाललं. माझ्या समोर चाललं आणि मला काही कळलं नाही.

सुभद्राचा संसार वाईट चालला होता असं नाही. नागनाथनं सुट्या भागांचं दुकान टाकलं, दोन मुलं झाली, सुभद्रा शाळेवर शिकवत होती. तो बरा नवरा होता. हे सांगायला मला जड जातं, पण होता. शहाण्णवच्या दसऱ्याला त्याच्या घरी मित्रांची जेवणं होती. पानं खाताना जुन्या मुंगळ्याचा विषय निघाला आणि नागनाथ हसत बोलून गेला की त्या दिवशी सासरेबुवांनी आमची इज्जत राखली, काटा दिसला तरी म्हणाले बिघडलाय. सुभद्रा पानाचं तबक घेऊन तिथंच उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिक्षानं आली. चिंतू बँकेत होता. मी अंगणात तुळशीला पाणी घालत होतो. त्यांचं अंगण आणि माझं अंगण यात कमरेएवढी भिंत. आत जावं हे मला सुचलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तो काटा बिघडला नोता ना?"

मारोतरावांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"यायनं सांगतलं मले. हासून सांगतलं."

"तुह्यासाठीच केलं ना, सुभद्रा. तुहं लगन मोडलं असतं."

"माह्या नावावर टाकू नका." तिचा आवाज चढला नाही. "मले इचारलं व्हतं तुमी? एका शब्दानं? मी म्हनलं असतं, मोडू द्या. नोकरी केली असती, राह्यले असते घरी. चिंतूच्या पायावर उभं राहून मले हळद लावायची नोती."

रेणुकाबाई आतून आल्या आणि दाराला धरून तिथंच खाली बसल्या. त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"आता मी काय करू, ते सांगा," सुभद्रा म्हणाली. "मी सांगू चिंतूले? गाडी इकनारा माह्या लेकरायचा बाप हाय. अन् नाही सांगू, तं चिंतूपुढं ताट कसं वाढू? तो नऊ वर्सं सोताले दोष देऊन राह्यला, बाबा. तुमी बाजूले बसून ऐकून राह्यले." मग पदर सावरून ती उठली. "दिवाळीले येतो मी. त्याच्या आधी त्याले ठाऊक पाह्यजे. नाही तं या दारात मी पाय ठेवनार नाही."

ती गेल्यावर मारोतराव भिंतीपाशी आले आणि मला सगळं सांगितलं. वकिलांचा लाडू, ती टकटक, किल्ली, ठाण्यातलं भोक. मी त्यांचं सांत्वन केलं नाही. मला संताप आला होता. चाळीस वर्षांच्या शेजारात मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं, त्या दिवशी केलं. म्हणालो, "मारोत्या, आज संध्याकाळी सांग. आजच." ते हो म्हणाले. त्या संध्याकाळी चिंतू आला, ओट्यावर बसला, चहा प्याला. भिंतीपलीकडून मला पावसाच्या आणि कापसाच्या भावाच्या गोष्टी ऐकू आल्या. रोज तेच. दिवाळी आली.

पाडव्याला त्यांच्याकडे मला फराळाला बोलावणं असे. कौसल्याबाई वांकिडीहून आल्या होत्या. चिंतू नवा शर्ट घालून खुर्चीवर बसलेला, समोर करंज्यांचं ताट. सुभद्रा आली, पण आत आली नाही. मुलांना तेवढं आत पाठवलं आणि स्वतः अंगणात पायरीपाशी उभी राहिली. रेणुकाबाई "ये ना वं आत" म्हणाल्या, तर "येतो" म्हणाली आणि तिथंच उभी राहिली. चिंतूनं विचारलं, "हिले काय झालं?"

आमच्या भागात भाचा वयानं कितीही लहान असो, सणावाराला मामा त्याच्या पाया पडतो. भाच्याचा मान तेवढा मोठा. मारोतराव उठले, टोपी काढली आणि चिंतूपुढं गुडघ्यावर बसले. चिंतू दरवर्षीचं बोलला, "मामा, एकाचंच पुन्य भेटन. दुसरा परगावचा हाय." मुलं हसली.

मारोतरावांनी दोन्ही पायांवर हात ठेवले, डोकं टेकलं आणि वर घेतलंच नाही. तसंच खाली तोंड करून ते बोलले, त्यामुळे पहिले शब्द मला नीट ऐकू आले नाहीत. मग आले.

"काटा बिघडला नोता, चिंतू. मले दिसला व्हता. टकटकबी ऐकू आली व्हती. सोयऱ्याचं घर व्हतं, बोललो नाही."

फुलबाज्यांचा वास येत होता. रस्त्यावर पोरं ओरडत होती.

"तुह्या हातून काहीच चुकलं नाही," ते म्हणाले. "तू रेस देल्लीच नोती. तो दांडा कोनाच्याबी हातात तुटला असता. इंजिन खोल्ल्याशिवाय घेऊ नोको, एवढं म्हनाचं व्हतं मले. नाही म्हनलं."

कौसल्याबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो त्यांनी खाली ठेवला. चिंतू मामाच्या पांढऱ्या केसांकडे पाहत होता. तो रडेल असं मला वाटलं. ओरडेल असं वाटलं. नेहमीसारखं काहीतरी हसण्यावारी नेईल असंही वाटलं, आणि देवा, तेवढं तरी होऊ दे असं मी मनात म्हटलं.

चिंतूनं पाय मागं घेतला. मामाच्या हाताखालून काढून खुर्चीच्या आत नेला. दुसरा आपोआप येईना, तेव्हा तो वाकला, गुडघ्याखाली दोन्ही हात घालून तो उचलला आणि पहिल्याच्या शेजारी नेऊन ठेवला.